रखवालदाराची बायको

लॉन्ड्रीवाल्या वहिनी संशयी आहेत असं त्यांच्या तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. पण दुकानात एकदा येऊन बघा म्हणजे झालं. गिऱ्हाइकानं काउंटरवर कोट ठेवला रे ठेवला की वहिनींचे हात त्याच्या खिशांत. विसरलेली पेनं, किल्ल्या, तिकिटं काढून समोर मांडायच्या, मग कॉलर उलटून बघायच्या, मग बाह्या, मग काखा. "हा चहाचा नाही, कॉफीचा डाग आहे." "हे तुम्ही आधी घरी साबणानं घासलंय, उगाच नाही म्हणू नका." गिऱ्हाईक वरमायचं. त्यामुळे स्वतःच्या नवऱ्याच्या बाबतीत कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटलं तेव्हा वहिनींनी सगळ्यात आधी काय केलं असेल? बरोबर. त्याचे शर्ट तपासले.

शर्टांत काही सापडेना. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. सगळी गल्ली त्यांना लिफ्टवालेच म्हणते. त्यांच्या शर्टावर ग्रीस, पँटीवर ग्रीस, रुमालालाही ग्रीस. परका वास नाही, परका रंग नाही. एकदा खांद्यावर एक लांब केस सापडला तेव्हा वहिनींचा जीव वरखाली झाला. खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला, तर स्वतःचाच, मुळाशी पांढरा. त्याचाही त्यांना रागच आला.

मुळात संशय आला तो फोनमुळे. हा माणूस जन्मभर फोनला वैतागलेला. फोन वाजला की कुठेतरी कुणीतरी दोन मजल्यांच्या मध्ये अडकलंय, एवढंच त्याला ठाऊक. आणि तोच माणूस आता चहा पिताना, बूट घालताना, टीव्हीसमोर, दोन्ही अंगठ्यांनी फोनवर असा काही टकटक करायला लागला होता की वहिनी बघतच राहायच्या. मध्येच हसायचा. बरं, हसण्याचं एक वेळ समजून घेतलं असतं. पण परवा जेवता जेवता त्यांचे डोळे भरून आले.

"काय झालं हो?"

"काही नाही. मिरची लागली."

त्या दिवशी भाजीत मिरची घातलीच नव्हती! वहिनींनी स्वतःच्या हातांनी केलेली भाजी, त्यांना माहीत नसेल? पण गप्प बसून डोळ्यांत तेल घालून बघायचं, ही त्यांची रीत.

आणि मग तो दिवस आला. लिफ्टवाले आंघोळीला गेले होते आणि फोन जेवणाच्या टेबलावर राहिला होता. फोन थरथरला, उजळला. वहिनी चहाचा कप घेऊन तिथूनच चालल्या होत्या. वाचायचं नव्हतं, पण डोळ्यांना कोण अडवणार? वरती लिहिलं होतं, "रखवालदार: ती गेली त्याला तीन वर्षं झाली. तिची उशी मी अजून हलवलेली नाही." आणि खाली, "कंदीलवाली: मग आता हलवा. घरात उजेड येऊ द्या."

रखवालदार हे नाव फोनच्या पडद्यावर उजव्या बाजूला होतं, म्हणजे हे यांनीच लिहिलेलं, एवढं फोनचं ज्ञान वहिनींनाही होतं. त्यांनी कप खाली ठेवला. ती गेली? कोण गेली? या घरात बायको एकच, उशाही दोनच. न्हाणीघरात हे निवांत गुणगुणत होते आणि इकडे आपण गेल्याची बातमी वहिनींना आपल्याच टेबलावर वाचायला मिळत होती. फोनचा उजेड विझला.

दुपारी त्यांनी धाकट्या बहिणीला गाठलं. धाकटी फोनच्या दुकानात कामाला, काचा आणि कव्हरं विकते, तिला त्यातलं सगळं कळतं. तिनं ऐकलं आणि आधी पोट धरून हसली. मग ताईचं तोंड बघून हसू आवरलं.

"अगं ताई, हा खेळ आहे. लिहायचा खेळ. 'धक्क्यावरची सराई' म्हणतात त्याला. पन्नास-साठ लोक मिळून एकच गोष्ट लिहितात. प्रत्येकाचं एक पात्र, आणि ज्यानं त्यानं आपापल्या पात्राचं लिहायचं. बंदरावर एक सराई आहे, तिथे हे सगळे राहतात. भाऊजी दीपगृहाचे रखवालदार असणार."

"दिवसभर लिफ्टी दुरुस्त करायच्या आणि खेळात जिने चढायचे?"

"हौस असते एकेकाची."

"आणि बायको मेल्याची पण हौस?"

धाकटी म्हणाली, "खेळात काय, कुणीही काहीही करतं."

"मग मी पण करते," वहिनी म्हणाल्या. "घाल मला आत."

तिथे कुणाचा नंबर कुणाला दिसत नाही, फक्त पात्राचं नाव दिसतं. धाकटीनं विचारलं, कोण होणार? वहिनींनी आजूबाजूला बघितलं आणि म्हणाल्या, परटीण. जे येतं तेच करावं. मग धाकटीनं नियम सांगितले. कंसात लिहिलं की आपण स्वतः बोलतोय, कंसाबाहेर पात्र बोलतंय, याची कधी गल्लत करायची नाही. लांबण लावायची नाही, दोन ओळी पुरे. उठून जायचं असेल तर सांगून जायचं, म्हणजे लोक ताटकळत नाहीत. जे वर सरकलं ते गेलं, मागचं उकरून काढायचं नाही. "आणि सगळ्यात मोठा नियम," धाकटी बोट नाचवत म्हणाली, "दुसऱ्याच्या पात्राला हात लावायचा नाही. त्याचं हसणं, रडणं, जगणं, मरणं त्याच्याकडे. हे मोडलंस तर दारवान बाहेर काढतो."

"दारवान कोण?"

"सराईचा मालक म्हण. शिस्तीचा माणूस आहे."

बोलायला सोपं, पण प्रत्यक्ष खेळताना वहिनींच्या नाकी नऊ आले. काउंटरवर गिऱ्हाईक, मागे इस्त्रीची वाफ, आणि एका बोटानं लिहिणं. त्यांनी पहिलं वाक्य जुळवलं, "परटीण सराईत येते आणि कोपऱ्यात बसते." एवढं लिहून पाठवेपर्यंत सराईला आग लागली होती, लोकांनी बादल्या ओतल्या होत्या आणि सगळी मंडळी जीव घेऊन धक्क्यावर गेली होती. दारवानानं कंसात लिहिलं, "(परटीणबाई, सराई जळली. तुम्ही राखेत बसला आहात. बाहेर या.)" त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. वहिनी दुकानात एकट्याच लाल झाल्या.

पण त्या मागे हटणाऱ्यातल्या नव्हत्या. दोन दिवसांत सराईची डागडुजी झाली आणि वहिनींनाही थोडा वेग आला. कंदीलवाली दिसली की त्यांचं डोकं फिरायचं. बाई गोड बोलणारी. रखवालदार जिना उतरून आला की हिचा कंदील हजर. त्याला चहा हिच्याच हातचा. त्यानं उसासा टाकला की हिचा त्याच्याहून मोठा. एका दुपारी वहिनींना राहवलं नाही. त्यांनी लिहिलं, "परटीण कंदीलवालीच्या थोबाडीत मारते."

सगळं थांबलं. मग कंसात उत्तर आलं, अगदी शांत. "(ताई, मारायला हात उचलला एवढंच लिहायचं असतं. लागलं की नाही ते ठरवणं माझ्याकडे.)" आणि लगेच कंसाबाहेर, "कंदीलवाली खाली वाकते. परटिणीचा हात हवेतच फिरतो." पुन्हा हसण्याची रांग. शहाणी कुठली!

याहून जिव्हारी लागलं ते वेगळंच. वहिनी लिहायला लागल्या की रखवालदार लिहायचा, "(थांबा सगळे. परटीणबाई लिहितायत. त्यांना वेळ लागतो.)" आणि खरोखर सगळी सराई थांबायची. आता काय म्हणायचं याला? घरी यांच्या तोंडून 'हं' पलीकडे शब्द निघत नाही. वहिनी दिवसभराची हकीकत सांगताहेत, की गिऱ्हाइकानं कसा तमाशा केला, लेकीचा फोन आला, ती हॉस्टेलवर कशी उपाशी राहते, आणि यांचं आपलं 'हं'. आणि इथे कोण कुठली परटीण, तिच्यासाठी साठ लोकांना खोळंबून ठेवतात! वहिनींना परटिणीचा असा काही मत्सर वाटला की विचारू नका. परटीण आपणच आहोत हे आठवूनही तो कमी झाला नाही.

मग एका संध्याकाळी, दुकान बंद करायची वेळ झाली असताना, रखवालदारानं बायकोबद्दल लिहिलं. सराईत सगळे शेकोटीभोवती बसले होते. कंदीलवालीनं विचारलं होतं, कशी होती हो ती? वहिनी इस्त्रीच्या टेबलापाशी उभ्या राहून वाचत होत्या.

"ती शर्टाची बटणं मोजताना पुटपुटायची," रखवालदारानं लिहिलं. "झोपताना एक पाय पांघरुणाबाहेर. किटली उशिरा उकळली तर किटलीला ओरडायची. तिला मी पलीकडच्या किनाऱ्यावर इलाजाला नेलं. तिला आत नेलं आणि दार लागलं. मी बाहेर बसून राहिलो. संध्याकाळी परतीची बोट आली, पण बोटीत ती नव्हती."

करपल्याचा वास आला तेव्हा वहिनी भानावर आल्या. एका गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या पँटीवर इस्त्रीचा तपकिरी ठसा उठला होता. इतक्या वर्षांत त्यांच्या हातून कपडा जळाला नव्हता.

पाय पांघरुणाबाहेर. किटली. ही तर आपणच, यात काही शंकाच नाही. आणि तो इलाज, ते दार, तेही आपलंच. तीन वर्षांपूर्वी वहिनींना गाठ निघाली होती. ऑपरेशन झालं, गाठ वाईट होती पण वेळेवर सापडली, डॉक्टर म्हणाले नशीब चांगलं. हॉस्पिटलातून घरी आल्या त्या दिवशी वहिनींनी पिशवी रिकामी केली, कपडे भिजत टाकले आणि नवऱ्याला सांगितलं, "झालं ते झालं. या घरात आता याचं नाव काढायचं नाही." कुणी काढलं नाही. लेकीनंही नाही, यांनीही नाही. वहिनींना वाटलं, विषय मिटला.

आणि आता यांनी तो चारचौघांत मांडला होता. मांडला तो मांडला, वर शेवट बदलला. खरी बायको चालत घरी आली, कपडे धुतले, दुसऱ्या आठवड्यात दुकान उघडलं. यांच्या गोष्टीतली बोट रिकामी आली.

का? आपण परत आलो ते यांना नको होतं की काय?

हा विचार मनात आला आणि वहिनींनी तो झटकला. बस स्टॉपवर तो परत आला. घरी कुकर लावताना परत आला. रात्री शेजारी हे घोरत होते आणि वहिनींनी आपला बाहेर आलेला पाय हळूच पांघरुणात ओढून घेतला. कुणी भांडलं असतं, ओरडलं असतं, तरी परवडलं असतं. पण ज्याच्यासोबत सगळं आयुष्य काढलं त्याला आपण हव्या आहोत की नको आहोत, हे विचारायचं तरी कसं? आणि विचारलं आणि तो 'हं' म्हणाला तर?

त्यात दारवानानं जाहीर केलं, रविवारी दुपारी सराईत लग्न. रखवालदार आणि कंदीलवाली. सगळ्यांनी वेळेवर हजर राहावं. साठ जणांनी टाळ्या पाठवल्या. रखवालदारानं लिहिलं, "बघू."

बघू! या माणसाच्या 'बघू'चा अर्थ वहिनींइतका कुणाला कळणार? या 'बघू'वर घरात फ्रीज आलाय, कपडे वाळवायचं मशीन आलंय, लेक परगावी शिकायला गेलीय. यांचं 'बघू' म्हणजे ठरलं.

धाकटीनं खूप समजावलं. "ताई, असं करू नकोस. मेलेली बायको भाऊजींच्या पात्राची आहे. त्यांना न विचारता तिला उठवलंस तर फार मोठा आगाऊपणा होईल. त्या लोकांत याच्याइतकं वाईट काही नाही."

"माझ्याच घरात मला न विचारता मारलं, तो आगाऊपणा नव्हता?"

"तो खेळ होता गं."

"मग हाही खेळच."

धाकटीनं हात टेकले. निदान एक युक्ती शिकवली, की आधीच सगळं लिहून ठेव आणि वेळ आली की एकदम चिकटव, म्हणजे मागे पडणार नाहीस. वहिनींनी शनिवारभर काउंटरखाली फोन धरून ते लिहिलं.

रविवारी दुपारी जेवणं झाली. लिफ्टवाले फोन आणि चष्मा घेऊन बाल्कनीतल्या खुर्चीत जाऊन बसले. "जरा पडतो," म्हणाले. पडायला चष्मा कशाला लागतो? वहिनी म्हणाल्या, "मी ओटा आवरते," आणि स्वयंपाकघरात स्टुलावर बसल्या, फोन डब्यांच्या मागे टेकवून. मध्ये एक खोली, एक पडदा. वहिनींनी आपल्या फोनचा आवाज बंद केला होता, पण बाल्कनीतला फोन प्रत्येक ओळीला गुरगुरत होता, तो इथपर्यंत ऐकू येत होता.

सराईत नुसता धुमाकूळ. कोळी आला, कप्तान आला, दोन चोर चांगले कपडे घालून आले. कुणी फुलं लावतंय, कुणी खुर्च्या मांडतंय. ओळी अशा पळत होत्या की वहिनी एक वाचेपर्यंत सहा वर जायच्या. कंदीलवाली जिन्यावरून उतरली, म्हणे हातात शंभर कंदील. शंभर! दारवानानं विचारलं, "रखवालदार, तयार?" बाल्कनीतली खुर्ची कुरकुरली. वहिनींनी श्वास घेतला आणि चिकटवलं.

"सराईचं दार उघडतं. दारात रखवालदाराची बायको उभी आहे. ती मेलेली नाही, कधी मेलीच नव्हती. तिच्या हातात हॉस्पिटलची पिशवी आहे. ती विचारते, माझी उशी कुठे आहे?"

पळणाऱ्या ओळी जागच्या जागी थांबल्या. बाल्कनीतून खुर्ची फरशीवर घासल्याचा आवाज आला. बाकी काही नाही.

मग कंस सुटले, एकावर एक. "(हे काय?)" "(कुणी परवानगी दिली?)" "(परटीणबाई, हद्द झाली.)" दारवानानं सगळ्यांना गप्प केलं. "(परटीणबाई, दुसऱ्याच्या मेलेल्या माणसाला असं उठवायचं नसतं. तुम्ही नव्या आहात म्हणून आज बाहेर काढत नाही. पण बायको रखवालदारांची आहे, त्यांनीच सांगावं. ठेवायचं की पुसायचं?)"

ही तिथली पद्धत. ज्याचं पात्र त्याचा शब्द शेवटचा. तो 'ठेवा' म्हणाला तर सगळ्यांनी ते खरं धरून पुढे खेळायचं, 'पुसा' म्हणाला तर ते घडलंच नाही.

म्हणा ना, ठेवा म्हणा. एवढा एक शब्द. त्या पडद्याकडे बघत होत्या, पडद्याच्या खाली यांच्या चपला दिसत होत्या, पायांचे अंगठे आत वळलेले.

"(पुसा.)"

दारवानानं पुसलं. वहिनींच्या डोळ्यांदेखत ओळ नाहीशी झाली, दार नाही, बाई नाही, पिशवी नाही. झालं. विचारायचं होतं ते विचारून झालं आणि उत्तरही मिळालं. वहिनींना रडू आलं नाही. राग आला, असा की नियमबियम गेले चुलीत. त्यांनी एका बोटानं लिहिलं, एकेक अक्षर दाबून, आणि कसे कोण जाणे, सगळे थांबले.

"(का? बायको परत आलेली नको आहे का तुम्हाला? त्या बाईशी लग्न करायचंय?)"

सगळ्यात आधी कंदीलवालीच धावली. "(अहो ताई, भलतंच काय! मी पुरुष आहे, बस डेपोत टायर बदलतो, वय एकोणसाठ. रखवालदार फार उदास लिहितात म्हणून लग्नाची गंमत काढली. घरी बायको आणि नातवंडं आहेत.)"

दुसरा कुठला दिवस असता तर वहिनी हसून हसून लोळल्या असत्या. आता त्यांना काहीच झालं नाही. शंभर कंदील घेऊन उतरलेली ती बाई टायरवाला निघाली, तरी 'पुसा' ते 'पुसा'च. ते यांनी लिहिलं होतं.

खाली दिसत होतं, 'रखवालदार लिहीत आहेत'. ते बराच वेळ दिसत राहिलं. हा माणूस दोन अंगठ्यांनी पाऊस पाडणारा, पण आज बाल्कनीतून टकटक एकदा यायची आणि थांबायची. मग आलं. दोन ओळींचा नियम मोडून आलं.

"(परटीणबाई, तुमच्यावर राग नाही. तुम्हाला ठाऊक नव्हतं. माझी बायको जिवंत आहे, आत्ता आत ओटा आवरते आहे. तीन वर्षांपूर्वी तिचं ऑपरेशन झालं. मी दिवसभर बाहेर बाकावर बसलो होतो. दार उघडेना. दुपारनंतर मला खात्री झाली की ती गेली, आणि कुणाला येऊन सांगायचं धाडस होत नाहीये. पुढचं सगळं मी त्या बाकावर बसून जगलो. लेकीला कसं सांगायचं, तिच्या दुकानाची किल्ली कुणाला द्यायची, सगळं. मग दार उघडलं आणि ती बरी होती. आत तिचं काय झालं ते सगळ्यांनी विचारलं. बाहेर माझं काय झालं ते सांगायला जागाच राहिली नाही. ती म्हणाली घरात नाव काढायचं नाही, मी काढलं नाही. पण ती माझ्यासाठी त्या दिवशी एकदा गेली होती हो, आणि तिच्यासाठी रडायचं राहून गेलं होतं. ते मी इथे येऊन रडतो. इथे ती मेलेलीच राहू द्या. मला वेडी भीती वाटते की इथली परत आणली तर घरातलीला काहीतरी होईल. वेडेपणा आहे, कळतंय. पण पुसा.)"

वहिनींनी ते वाचलं. परत वाचलं. सराईत कुणीतरी हात जोडल्याचं चित्र टाकलं, मग कुणी दुसरं. त्यांना उत्तर लिहायचं होतं. बोट अक्षरांवर फिरवलं, "(मी" एवढं झालं, आणि तोवर दारवानानं सगळ्यांच्या वतीनं लिहिलं होतं की रखवालदारांचं म्हणणं मान्य, लग्न रद्द, कप्तानानं बोटीचा भोंगा वाजवला होता, चोरांनी गडबडीत फुलदाणी लांबवली होती आणि सराई पुन्हा पळायला लागली होती. यांचं ते लिहिलेलं वर वर सरकत दिसेनासं झालं. "(परटीणबाई, चला, पुढे चला,)" दारवानानं लिहिलं, जरा मायेनंच. "(मागे गेलं ते जाऊ द्या.)"

वहिनी स्टुलावरून उठल्या. फोन हातातच होता. मधली खोली ओलांडली, पडदा सारला.

लिफ्टवाल्यांनी फोन झटकन मांडीवर पालथा घातला. डोळे लाल. "काय गं? चहा टाकतेस?"

वहिनींनी आपला फोन त्यांच्यासमोर धरला. त्यांना आधी कळेना. चष्मा वर-खाली केला, वाकून बघितलं. वरती नाव होतं, परटीण, आणि खाली अर्धवट लिहिलेलं "(मी".

"तू?"

"मी."

"ते थोबाडीत मारलंस, ते..."

"मीच."

त्यांच्या तोंडावर हसू यायला लागलं होतं. मग आपण आत्ताच काय लिहिलं ते आठवलं असावं, कारण ते हसू मध्येच थांबलं आणि त्यांनी चष्मा काढून हातात धरला. "मी नाव काढणार नव्हतो," ते म्हणाले. "तू नको म्हणाली होतीस. घरात तरी काढलं नाही."

"नको म्हणाले होते," वहिनी म्हणाल्या. "मला सांगता येत नव्हतं म्हणून नको म्हणाले. तुम्हाला सांगायचं असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तुम्हाला मी नको आहे असं वाटायला लागलं होतं मला."

"काय बोलतेस!"

"मग? पुसा म्हणालात."

मांडीवरचा फोन गुरगुरत होता, सराईत रखवालदाराला कुणीतरी हाका मारत होतं. वहिनींनी तो उचलला, आपल्या फोनसकट आत खाटेवर टाकला आणि परत येऊन यांच्या खुर्चीशेजारी फरशीवर बसल्या.

"आता इथे सांगा," त्या म्हणाल्या. "मला आत नेलं आणि दार लागलं. तिथून सांगा."

त्यांनी चष्मा शर्टाला पुसला, पुन्हा पुसला. वहिनींनी घाई केली नाही.

"बाकावर माझ्या शेजारी एक जण बसला होता," शेवटी ते म्हणाले. "सारखा शेंगा सोलून खात होता. टरफलं माझ्या बुटावर पडत होती. मला इतका राग आला होता त्याचा, इतका, पण मी पाय हलवला नाही. मला वाटत होतं, मी जरा जरी हललो तर आत तुझं काहीतरी बिघडेल. पाय बधिर झाला, तरी..." ते थांबले.

वहिनींनी त्यांच्या पावलावर हात ठेवला.

"मग?" त्या म्हणाल्या.